सुपरकोलायडर घरच्या लॅपटॉपवर : कथकचा लेहरा आणि तानपुरा, सुरुवात कुठून करू?

दांडियाबाजारकर (धागाकर्ती) | शनिवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी,

मुलगी कथक शिकते, रियाजाला रोज लेहरा (तालाचं आवर्तन धरून ठेवणारी, फिरून फिरून वाजणारी धून) लागतो. फोनवरच्या ॲपात लय एकदा ठरवली की ठरली. वाढवायची तर नाच थांबवायचा, घामेजल्या बोटानं काटा सरकवायचा, परत समेची (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेची) वाट बघायची. मी स्वतः काळी पाचमध्ये (पेटीची पाचवी काळी पट्टी हा माझा सा) गाते. लेहऱ्याची पेटी आणि तानपुरा एका वेळी लावले की तोडी रागात तर कान किटतात.

ऑफिसातल्या एकानं सुचवलं की सुपरकोलायडर (कोड लिहून आवाज घडवायचा प्रोग्रॅम) घे, फुकट आहे, सगळं आपल्या हातात राहतं. उतरवून घेतलं, बसवलं. खिडकी उघडते, त्यात तीन भाग दिसतात, आणि पुढे ढिम्म. उदाहरणं चिकटवून बघितली तर लाल अक्षरांत काहीतरी येतं, आवाज नाही.

लॅपटॉप जुना : आय-थ्री, ४ जीबी रॅम, विंडोज १०. ऐकायला ब्लूटूथचे इअरफोन. एक्सेलचे मॅक्रो लिहिते, त्यामुळे कोडची भीती नाही, पण हे साउंड कार्ड-ड्रायव्हर प्रकरण कधी हाताळलेलं नाही. बडोद्यातलं कुणी हे करतं का? नसेल तर कुठलंही चालेल.

---

उंटावरचा_शहाणा | शनिवार, रात्री १०:४०

एवढा उपद्व्याप कशाला? लेहऱ्याच्या तीन लयी रेकॉर्ड करून ठेवा, विलंबित, मध्य, द्रुत. एकामागून एक लावा. (ह.घ्या.)

---

चिकटटेप | शनिवार, रात्री ११:२०

शहाणे, विलंबितातून मध्यात जाताना नाचणारीनं काय करायचं, हवेत थांबायचं?

ताई, पहिलं काम, ते ब्लूटूथचे इअरफोन काढून ठेवा. साधे वायरचे लावा. दोन कारणं. एक, ब्लूटूथमध्ये आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोचतो, कधी त्याहून जास्त. दुसरं महत्त्वाचं. त्या इअरफोनला माइक असतो, आणि तो माइक वापरात आला की जोडणी फोनकॉलच्या पद्धतीवर जाते, सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) ८ किंवा १६ हजारांवर उतरतो. बाहेर जाणारा आवाज ४८ हजारांवर. सुपरकोलायडरला आत-बाहेर एकच दर लागतो, तो जुळला नाही की सर्व्हर सुरूच होत नाही. तुमच्या लाल अक्षरांत 'सॅम्पल रेट' आणि 'मिसमॅच' हे शब्द आहेत का बघा.

आता आत काय चाललंय ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. सुपरकोलायडर हा एक प्रोग्रॅम नाही, दोन आहेत. एक भाषा, जिच्यात तुम्ही लिहिता. दुसरा सर्व्हर, जो आवाज काढतो. दोघं एकमेकांशी नेटवर्कवर बोलावं तसं निरोप पाठवून बोलतात, एकाच लॅपटॉपवर असले तरी. सर्व्हरचा पोर्ट ५७११०, भाषेचा ५७१२०. बसवल्यावर भाषा आपोआप चालू होते, सर्व्हर होत नाही. तो कंट्रोल-बी दाबून चालू करावा लागतो. तुमचं 'ढिम्म' बहुतेक इथलंच.

क्रमानं करा :

विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये स्पीकरच्या गुणधर्मांत 'ॲडव्हान्स्ड' टॅब असतो, तिथं ४८००० निवडा. माइकलाही तेच. किंवा माइक नकोच असेल (तुम्हाला नकोच आहे) तर सर्व्हरच्या ऑप्शनमध्ये इनपुट चॅनलची संख्या शून्य करा. निम्मी भांडणं तिथंच मिटतात.

मग उपकरणांची यादी मागवा. एकाच स्पीकरचं नाव तीन-चारदा दिसेल, पुढे एमएमई, डायरेक्टसाउंड, वासापी असं काहीबाही. गोंधळू नका, स्पीकर एकच, त्याच्याकडे जायचे रस्ते वेगळे. वासापीवालं घ्या. एमएमईनं आवाज येतो पण आळसावलेला. ॲझिओ ड्रायव्हर बाहेरचं साउंड कार्ड घेतलंत तर बघू.

हे सगळं स्टार्टअप फाइलमध्ये लिहून ठेवा. फाइल मेनूतच ती उघडायची सोय आहे. एकदा लिहिलं की रोज लिहायला नको.

(हा मंच रोमन कोड खातो म्हणून उच्चारात लिहितोय. टाइप अर्थातच रोमनमध्ये करायचं.)

पहिला आवाज : महिरपी कंसात साइनऑस्क डॉट एआर, त्याच्या गोल कंसात २२०, ०, ०.१. महिरप बंद, डॉट प्ले. ओळीवर कर्सर ठेवून कंट्रोल-एंटर. तो ०.१ विसरू नका, नाहीतर पूर्ण जोरात कानात शिट्टी बसेल. बंद करायला कंट्रोल आणि पूर्णविराम. हे दोन बटणांचं काम आधी पाठ करा, बाकी नंतर.

आणि आवाज फक्त डाव्या कानात येईल. इअरफोन बिघडलेला नाही. एकच आवाज दिला तर तो पहिल्या चॅनलवर जातो. महिरपीच्या आत शेवटी उद्गारचिन्ह आणि २ लिहा, दोन्ही कानांत येईल.

---

दांडियाबाजारकर | रविवार, सकाळी ९:०५

चिकटटेप, धन्यवाद! मिसमॅचच होतं. वायरचे इअरफोन लावले, इनपुट शून्य केलं, सर्व्हर चालू झाला, खालच्या पट्टीतले आकडे हिरवे झाले. डाव्या कानात शिट्टी आली, मग दोन्हीकडे.

पण लगेच पुढची अडचण. सा ला काळी पाचची फ्रीक्वेन्सी दिली, २३३.०८, आणि सोयीसाठी नावं दिली एस, आर, जी, एम, पी, डी, एन. एस मध्ये सा. त्यानंतर सर्व्हर ऐकतच नाही. 'बूट समजत नाही' म्हणतो.

---

चिकटटेप | रविवार, सकाळी ९:३०

हाहा, यात आपली सगळी मंडळी सापडतात. सुपरकोलायडरमध्ये एका अक्षराची नावं, ए पासून झेड, आधीच मोकळी ठेवलेली असतात, कुठंही वापरा. त्यातलं एस मात्र आधीच भरलेलं असतं. त्यात सर्व्हर बसलेला असतो! तुम्ही त्याला उठवून तिथं सा बसवलात. आता 'एस डॉट बूट' म्हणजे २३३.०८ या आकड्याला 'चालू हो' सांगणं.

एस बरोबर सर्व्हर डॉट डीफॉल्ट लिहून चालवा, परत जागेवर येईल. सा ला 'षड्ज' रोमनमध्ये लिहा किंवा लाटेच्या चिन्हानं सुरू होणारं नाव द्या. सा-रे-ग देवनागरीत चालणार नाहीत, व्हेरिएबलचं नाव लहान रोमन अक्षरानंच सुरू व्हायला हवं. अवतरणात देवनागरी छापता येते, पण मोजायला लावू नका. भाषा अक्षरं मोजत नाही, बाइट मोजते. 'सा' ची लांबी ६ सांगेल.

---

षड्जपंचम | रविवार, दुपारी १२:१०

धागा वाचतोय. यंत्रातलं मला फारसं कळत नाही, नातू मदत करतो, पण सुरांबद्दल दोन गोष्टी सांगतो.

ताई, तोडीत कान किटतात त्याचं कारण पेटी. पेटीचे बारा सूर समान अंतरावर पाडलेले असतात. तानपुऱ्यातून जे स्वयंभू सूर उमटतात ते तसे नसतात. सा ला १ धरलं तर शुद्ध गंधार सव्वापट, म्हणजे ३८६ सेंट (पेटीच्या दोन शेजारच्या सुरांत शंभर सेंट). पेटीचा ४००. चौदा सेंटचा फरक कानाला चांगला कळतो. पंचमात फरक दोनच सेंटचा, म्हणून पेटीवरचा पंचम कधी कुणाला खटकत नाही. तोडीचा कोमल गंधार तर पेटीच्या ३०० पेक्षाही किंचित खाली, २९४ च्या आसपास घेणारे अनेक आहेत. पेटी त्याला जागचं हलू देत नाही.

यावर बडोद्यात जुनं भांडण आहे. सयाजीरावांच्या काळात मौलाबक्षांनी १८८६ मध्ये इथं गायनशाळा काढली, तीच पुढे सूरसागरच्या काठचं संगीत महाविद्यालय झाली. १९१६ मध्ये संगीतशास्त्रज्ञ भातखंडे यांच्या पुढाकारानं पहिली अखिल भारतीय संगीत परिषद इथंच भरली. त्या परिषदेत इंग्रज अधिकारी क्लेमेंट्स आणि सांगलीचे देवल यांची श्रुती-हार्मोनियम चर्चेला आली. बावीस श्रुती, म्हणजे सप्तकातल्या सुरांच्या बारीक जागा, पेटीत बसवायच्या, असा त्यांचा खटाटोप. भातखंड्यांना ते पटलं नाही. गवयाचा सूर आकड्यात पकडता येतो की नाही, हा वाद होता.

आता तुम्ही त्याच गावात बसून तेच करताय, फक्त लाकूड-पितळेचं काम नाही. सूर चुकला तर आकडा बदलायचा.

---

लष्करवाला | रविवार, दुपारी १:४५

+१ काका. पण ग्वाल्हेरचं माधव संगीत महाविद्यालय विसरू नका, तेही भातखंड्यांचंच, १९१८ चं. आमच्याकडे दर डिसेंबरात तानसेनाच्या समाधीपाशी समारोह होतो तेव्हा हाच वाद थंडीत कुडकुडत चालतो. बडोद्याला एवढी थंडी नाही म्हणून वाद लवकर संपत असावा.

ताईंना कामाचं : सुपरकोलायडरमध्ये तोडी, मारवा, पूर्वी, भैरव, अहिरभैरव हे 'स्केल' म्हणून आयते आहेत. तोडी म्हणजे ०, १, ३, ६, ७, ८, ११. पण ते पेटीच्या सुरांत. स्केल वेगळं आणि 'ट्यूनिंग' वेगळं, हे लक्षात घ्या. स्केल सांगतं बारांपैकी कुठले सात. ट्यूनिंग सांगतं ते बारा नक्की कुठं. 'जस्ट' नावाचं ट्यूनिंग आयतं आहे, शुद्ध गंधार सव्वापट तिथं मिळतो. त्यातला कोमल ग ६/५ आहे, म्हणजे ३१६ सेंट. काकांच्या २९४ साठी ३२/२७ घालून स्वतःचं ट्यूनिंग बनवा. बारा गुणोत्तरं लिहायची, शेवटी डॉट रेशिओमिडी. झालं.

सुरांचे क्रमांक शून्यापासून मोजतात. सा शून्य, पंचम चार. पहिल्या आठवड्यात सगळ्यांचा पंचम धैवतावर जातो.

अवांतर : ४ जीबीवर विंडोज १० म्हणजे लॅपटॉपला छळ. लिनक्स टाका. मी उबंटूवर चालवतो. नव्या उबंटूत आवाज सांभाळायला पाइपवायर आहे. सुपरकोलायडर जॅक नावाच्या ध्वनी-सर्व्हरला शोधत येतं आणि 'जॅक सापडत नाही' म्हणून रुसतं. पाइपवायरचं जॅकवालं पॅकेज टाकायचं आणि टर्मिनलमध्ये 'पीडब्ल्यू-जॅक' हा शब्द पुढे लावून उघडायचं. स्वतःला 'ऑडिओ' गटात घालून एकदा लॉगआउट करा.

---

चिकटटेप | रविवार, दुपारी २:२०

लष्करवाले, बाईंचं आत्ता कुठं चालायला लागलंय. ऑपरेटिंग सिस्टिम बदलायला लावू नका हो. सुपरकोलायडरला लेहरा-तानपुऱ्यासाठी रॅम फार लागत नाही. रेकॉर्ड केलेला आवाज पोटात घेतला तर दोन चॅनलच्या एका मिनिटाला सुमारे २३ एमबी. ब्राउझरचे टॅब बंद करा, पुरे.

---

तिसरं_वर्ष_आयटी | रविवार, संध्याकाळी ६:३०

मीपण बडोद्याचाच. मला हे सोर्सवरून बिल्ड करायचंय (मूळ कोडपासून स्वतः बनवायचंय) लिनक्सवर. त्यासाठीचं सीमेक चालवलं की काहीतरी फोल्डर रिकामं आहे म्हणतो. कुणी केलंय?

---

लष्करवाला | रविवार, संध्याकाळी ७:१०

गिटवरून घेताना 'रिकर्सिव्ह' लावलं नसणार. सुपरकोलायडरच्या पोटात दुसऱ्या लायब्रऱ्या सबमॉड्यूल म्हणून असतात. नुसतं क्लोन केलं की फोल्डर येतात, आत काही नसतं. सबमॉड्यूल अपडेट, इनिट, रिकर्सिव्ह, हे चालवा. मग जॅक, एसएनडीफाइल आणि एफएफटीडब्ल्यू यांची 'डेव्ह' पॅकेजं. क्यूटी संपादकाच्या खिडकीसाठी आणि भाषेतून बनवायच्या खिडक्या-बटणांसाठी लागतं आणि सगळ्यात जास्त डोकं तेच खातं. ऑप्शनमध्ये आयडीई (म्हणजे संपादक) आणि क्यूटी दोन्ही बंद केलंत तर टळेल, ईमॅक्स किंवा विम वापरता येईल. कमी रॅमवर चार-चार फाइली एकदम कंपाइल करू नका, मशीन गोठतं.

पण का करायचंय? स्वतःचं प्लगइन लिहायचं असेल तर ठीक. नाहीतर पॅकेज टाका आणि वेळ आवाजावर घालवा.

---

तिसरं_वर्ष_आयटी | रविवार, संध्याकाळी ७:२५

प्लगइनच लिहायचंय. जवारीचं, तानपुऱ्याच्या घोडीवरच्या झंकाराचं.

---

लष्करवाला | रविवार, संध्याकाळी ७:२६

मग करा बिल्ड, भाऊ. आणि इथं लिहीत राहा.

---

दांडियाबाजारकर | बुधवार, रात्री ९:५०

तानपुरा वाजला! 'प्लक' नावाचं वापरलं. मंद्र पंचम १७४.८१, जोडीच्या तारा २३३.०८, खर्ज ११६.५४. सूर चोख. पण आवाज संतूरसारखा येतो. तानपुरा वाटत नाही.

---

षड्जपंचम | गुरुवार, सकाळी ७:३०

जवारी नाही ना त्यात. घोडीचा माथा किंचित बाकदार असतो. तार कंप पावताना त्याला हलकेच शिवत राहते, मध्ये दोऱ्यानं ते नेमकं करायचं. त्यामुळे तारेतले वरचे सूर एकेक करून पुढे येतात आणि मागे जातात. तार छेडल्याबरोबर सगळा आवाज येतो आणि विझतो असं होत नाही.

---

तिसरं_वर्ष_आयटी | गुरुवार, सकाळी ९:१०

काका म्हणतात तेच. 'प्लक' च्या मागे कारप्लस आणि स्ट्राँग यांची १९८३ ची पद्धत आहे. खरखरीचा छोटा तुकडा घ्यायचा, एका कंपनाच्या लांबीच्या वळणात फिरवत ठेवायचा, दर फेरीला थोडा गुळगुळीत करायचा. वरचे सूर आधी मरतात, म्हणून गिटार-संतूरसारखा वाटतो. तानपुऱ्यात वरचे सूर जिवंत ठेवायला घोडीवर तार आपटते तो भाग गणितात घालावा लागतो. माझं प्लगइन त्याचसाठी. कधी होईल माहीत नाही, परीक्षा आहे.

---

षड्जपंचम | गुरुवार, सकाळी ९:४०

बाळा, होईल तेव्हा होईल. तोवर ताई, घरात तानपुरा असेल तर तोच वापरा. चारही तारा वेगवेगळ्या रेकॉर्ड करा, प्रत्येक तार पूर्ण विझेपर्यंत. दुपारी करा, संध्याकाळी दांडियाबाजारात हॉर्नचाच षड्ज लागतो.

---

चिकटटेप | गुरुवार, सकाळी १०:१५

सहमत. प्रत्येक तार बफरमध्ये (सर्व्हरच्या स्मृतीत) घ्या, प्लेबफनं वाजवा. सूर थोडा वर-खाली करायचा तर वेगाचं गुणोत्तर बदला. अर्ध्या-एका सुरापर्यंत चालतं, त्यापुढे तानपुरा लहान पोराचा वाटायला लागतो. फाइल आणि फोल्डरची नावं रोमनमध्ये ठेवा, विनाकारण कटकट नको.

---

उंटावरचा_शहाणा | गुरुवार, सकाळी ११:००

म्हणजे शेवटी रेकॉर्डच करायचं. मी पहिल्या दिवशी काय म्हणालो होतो?

---

चिकटटेप | गुरुवार, सकाळी ११:०४

तार रेकॉर्ड करायची, लय नाही. फरक आहे, शहाणे.

---

उंटावरचा_शहाणा | गुरुवार, सकाळी ११:३०

बरं, मान्य. आता खरा प्रश्न. माझा भाचा दहा वर्षांचा, तबला शिकतो. त्याला यातलं काही देता येईल का? एवढे कंस त्याला झेपणार नाहीत.

---

लष्करवाला | गुरुवार, दुपारी १२:२०

सोनिक पाय द्या. सॅम ॲरन यांनी शाळेतल्या मुलांसाठी बनवलंय. आत आवाज काढणारा सर्व्हर सुपरकोलायडरचाच, पण तो आपोआप चालू होतो. उघडा, एक ओळ लिहा, 'रन' दाबा. तबल्याचे बोल आयते भरलेले आहेत त्यात, ना, घे, के, ते असे. त्रिताल एका लूपमध्ये लिहून घ्या त्याच्याकडून, मग दुप्पट करायला सांगा. भैरव आणि तोडीही आहेत. ताईंच्या मुलीलाही आवडेल.

---

दांडियाबाजारकर | शनिवार, रात्री १०:३०

तानपुरा आता तानपुऱ्यासारखा. आईचा जुना होता, माळ्यावरून काढला, तारा बदलून आणल्या.

लेहराही झाला. सोळा मात्रा, पेटीचा आवाज अजून पुळचट आहे पण सूर माझे. लय मात्र बरोबर जमत नाही. ६० पासून सुरू करून दर आवर्तनाला १० वाढवली. सुरुवातीला मुलगी धडपडते, शेवटी म्हणते वाढतच नाहीये. शिवाय मधूनच वाढते, समेवर नाही. पोस्ट विंडोत 'लेट' असं काहीतरी येत राहतं ते वेगळंच.

---

चिकटटेप | शनिवार, रात्री ११:१५

तीन वेगळ्या गोष्टी.

लय बेरजेनं वाढवू नका, गुणाकारानं वाढवा. ६० वरून ७० म्हणजे सतरा टक्के उडी, पाय अडखळणारच. २३० वरून २४० म्हणजे चार टक्के, कळणारही नाही. दर आवर्तनाला १.०७ नं गुणा. वीस आवर्तनांत जवळजवळ चौपट होते आणि वाढ सगळीकडे सारखी जाणवते. भाषेत टेम्पो दर सेकंदाच्या मात्रांत असतो, म्हणजे ६० ची लय म्हणजे १.

समेचं : टेम्पोक्लॉक एकच ठेवा. लेहरा त्या घड्याळावर 'क्वांट १६' (सोळा मात्रांच्या हद्दीवरच सुरू हो) देऊन सुरू करा. लय वाढवणारं रूटीन (थांबत थांबत चालणारा कोडचा तुकडा) वेगळं लिहा, तेही त्याच घड्याळावर क्वांट १६ देऊनच सुरू करा, आणि आत दर १६ मात्रा थांबून गुणाकार. दोघं सोळाच्या एकाच जाळीवर बसले की लय समेवरच बदलणार. तुम्ही बहुधा रूटीन हातानं मध्येच चालू करत होता.

'लेट' चा अर्थ, निरोप सर्व्हरपर्यंत पोचेस्तोवर वाजायची वेळ टळून गेली होती. भाषा मुळात सगळं ०.२ सेकंद आधी पाठवते, तेवढ्यातही पोचत नसेल तर मशीन दमलंय. अँटिव्हायरसची तपासणी चालू आहे का बघा, लॅपटॉप चार्जरवर लावा, पॉवर प्लॅन 'हाय परफॉर्मन्स' करा. तरी आलं तर लेटन्सी ०.३ करा. लेहऱ्याला काही फरक पडत नाही, सगळंच तेवढं उशिरा वाजतं.

---

दांडियाबाजारकर | रविवार, संध्याकाळी ५:२०

१.०७ उत्तम! चार्जर लावल्यावर 'लेट' गेलं.

आज मुलीच्या गुरुताईंना ऐकवलं. त्या म्हणाल्या, दर आवर्तनाला वाढली तर मुली लयीच्या मागे पळतात, लय धरून ठेवायला शिकत नाहीत. चार आवर्तनं एकाच लयीत, मग वाढ. आणि तिहाई (तीनदा येऊन समेवर संपणारा तुकडा) चालू असताना अजिबात वाढवायची नाही. पहिलं जमेल, १६ च्या जागी ६४ थांबायचं. दुसरं कसं करू? तिहाई कधी येणार ते यंत्राला कसं कळणार?

---

चिकटटेप | रविवार, संध्याकाळी ६:००

यंत्राला नाही कळणार, मुलीच्या आईला कळेल. एक व्हेरिएबल ठेवा, हो किंवा नाही. रूटीन गुणाकार करायच्या आधी ते बघेल, 'थांब' असेल तर त्या वेळची वाढ सोडून देईल. बदलायला एक बटण असलेली छोटी खिडकी बनवता येते, चार-पाच ओळी लागतात. उद्या लिहून देतो, उच्चारात.

---

तिसरं_वर्ष_आयटी | रविवार, संध्याकाळी ६:२५

बटणाऐवजी मिडी पेडल लावलं तर? पायानं दाबता येईल. माझ्याकडे एक पडून आहे, दांडियाबाजारात आणून देतो.

---

दांडियाबाजारकर | रविवार, संध्याकाळी ६:४०

ये नक्की, सेव-उसळ खाऊन जा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.